लाल डोक्याच्या खुंट्या

‘पद्धतशीर’ हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझं डोकं फिरतं. पन्नाशी उलटली, कंपनीतल्या प्रयोगशाळेची नोकरीही सोडून झाली, पण ते काही थांबलेलं नाही. हा शब्द आमच्या घरात आणला तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी. ते पिंपरीतल्या एका कंपनीत स्टोअरला होते. नट, बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील यांनी भरलेल्या रॅकांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. ज्या वस्तूला नंबर नाही ती स्टोअरमध्ये नाहीच असं धरायचं, हा त्यांचा नियम. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांतही तो लागू होता. तांदळाचा डबा एक नंबर, तूरडाळीचा दोन, साखरेचा सात. पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांनी स्वतः डब्यांवर आकडे घातले होते. आई तोंडावर काही बोलायची नाही, पण तूरडाळ संपली की दोन नंबरात शेंगदाणे भरून मोकळी व्हायची. मग अण्णांचा हात चुकीच्या डब्यात गेला की ते डबा तसाच हातात धरून उभे राहायचे आणि आई पाठमोरी हसायची.

गल्लीत आमच्या डाव्या हाताला लेथचं वर्कशॉप होतं. सकाळी मशीन सुरू झालं की फळीवरची भांडी बारीक किणकिणायला लागायची आणि कूलंटचा तेलकट वास थेट शेगडीपर्यंत यायचा. अण्णा नाइट करून आले की दिवसा झोपायचे. लेथच्या आवाजात त्यांना गाढ झोप लागे, पण आम्ही कुजबुजलो तरी जाग यायची, त्यामुळे मी आणि आई निम्मा दिवस हातवाऱ्यांवर काढत असू. या सगळ्यातून वेगळा ऐकू यायचा तो आईच्या खलबत्त्याचा आवाज. गल्लीतल्या पोरी कुणी मराठवाड्यातून आलेल्या, कुणी कोकणातून. बाळंत झाल्या की आई नाही, सासू नाही, नवरा ओव्हरटाइमला. आई न बोलावता जायची. फडताळात सगळ्यात वर तिचा एक पितळी डबा होता. घरातला तेवढा एकच डबा बिननंबरचा, कारण तिने नंबर घालू दिला नव्हता. त्यात वाळलेली पांढरी मुसळी असायची. खारीक, डिंक आणि मुसळी कुटून ती त्या पोरींना लाडू करून द्यायची, आणि पैशाचं नाव काढलं तर रागवायची.

परवा आमच्या सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये मी मुसळीची पावडर मागितली. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि पिळदार दंडाच्या एका उघड्या माणसाचं चित्र असलेला प्लास्टिकचा डबा कागदात गुंडाळून हळूच पुढे सरकवला. भाचीच्या बाळंतपणासाठी लाडू करायचेत असं मी सांगितलं, तर त्याला ते खरंच वाटेना. घरी येऊन वास घेतला, तर डब्यात पिठाशिवाय दुसरं काही असेल असं मलाही वाटेना. अशा वेळी चिडायचं तरी कुणावर, हे कळत नाही.

आईच्या डब्यातली मुसळी यायची ती तिच्या माहेरच्या डोंगरावरून. ते गाव देहूरोड आणि चाकण यांच्या मधल्या डोंगरांच्या कुशीत आहे. तेव्हा काळेवाडीतून दोन गाड्या बदलून जावं लागे, आणि शेवटचा टप्पा सहा सीटर रिक्षामध्ये गुडघे छातीशी घेऊन. गावामागच्या डोंगराच्या एका उतारावर मुसळी आपोआप उगवायची, कुणी लावलेली नव्हती. पावसाळ्यात गवतासारखी लांब पानं यायची. त्याच पानांची आम्ही फोडशीची भाजी करायचो. मामी ती भिजवलेल्या चणाडाळीबरोबर लसणाच्या फोडणीवर परतायची आणि चुलीवरची गरम भाकरी ताटात फेकून म्हणायची, खा, पुण्याला न्हाई मिळायची. काळेवाडी काय आणि पुणं काय, तिच्या लेखी सगळं एकच होतं. पण पानंसुद्धा ओरबाडून आणायची नसत. बाहेरची दोन-तीन कापायची, मधला कोंब ठेवायचा, आणि पांढऱ्या फुलांचा तुरा आला की त्या झाडाला हातच लावायचा नाही. दसऱ्याच्या आगेमागे पानं पिवळी पडून गळून जात आणि महिन्याभरात उतारावर काहीच दिसत नसे. नुसतं वाळलेलं गवत आणि दगड. मुसळी मात्र खाली जमिनीत असायची, बोटांसारख्या कंदांचा झुपका होऊन.

खणायचं ते मार्गशीर्षात, गावातल्या बायकांनी मिळून ठरवलेल्या एका दिवशी. त्या उताराचे त्यांनी तीन हिस्से केले होते आणि दर वर्षी एकच हिस्सा उघडायचा, बाकीचे दोन बंद. म्हणजे एका झाडाची पाळी तीन वर्षांनी यायची. आणि पाळी आली तरी सगळं काढायचं नाही. खुरप्याने एका बाजूने माती सैल करून जाड जाड बोटं तेवढी तोडायची, कोंब असलेला वरचा गड्डा दोन बारीक बोटांसकट खड्ड्यात परत बसवायचा आणि वर माती लोटून तळहाताने थापायची. माझी मामी या कामात सगळ्यांची पुढारीण होती. कुणाच्या टोपलीत गड्ड्यासकट कंद दिसला तर ती त्या बाईला तो परत पुरायला लावायची, मग ती बाई नात्यातली असो की सरपंचाच्या घरातली.

आता प्रश्न असा की पानं गळाल्यावर झाड सापडायचं कसं. त्याचं उत्तर या बायकांच्या डोक्यात होतं. प्रत्येकीला आपापल्या जागा पाठ. चपट्या दगडापासून खालच्या अंगाला पाच विती. ऐनाच्या मुळापासून ओढ्याकडे एक हात, मग डावीकडे तीन विती. आई डोंगर चढताना हे मला म्हणून दाखवायची आणि माझ्याकडून म्हणून घ्यायची. मला त्याचा भयंकर कंटाळा होता. बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलेली मुलगी मी, विती मोजत काय बसायचं. एकदा मी तिला म्हटलं, एकेक काडी रोवून ठेवली की संपलं ना. त्यावर ती म्हणाली की डोंगरावर खूण करत नाहीत. का करत नाहीत, असं विचारलं तर म्हणाली, न्हाई करत. आमच्या घरात दोन माणसं होती, एकाला प्रत्येक गोष्टीवर नंबर हवा आणि दुसरीला कशाचंच कारण सांगायचं नाही. या दोघांच्या मध्ये माझं शिक्षण झालं.

शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की सह्याद्रीतल्या रानमुसळीवर व्यापाऱ्यांचा डोळा आहे, ठिकठिकाणी ती मुळासकट उपटून नेतायत, आणि काही वर्षांनी दाखवायलाही राहणार नाही. मी बाक सोडून त्यांच्या मागे गेले आणि आमच्या डोंगराचं सांगितलं. सर खूश झाले, पण म्हणाले, नुसतं ‘आहे’ म्हणून भागत नाही, किती आहे ते दाखवा. प्रत्येक झाड मोजा, खूण करा, पुढच्या वर्षी तेच झाड परत मोजा. आकडा असेल तर वनखात्याकडे अर्ज करून तो उतार राखून घेता येईल. मला तेवढंच हवं होतं. गावाच्या खालच्या अंगाला कंपन्यांची शेडं उभी राहत होती, मामांच्या खालच्या वावराचं कंपनीचं गोडाऊन झालं होतं, आणि तो उतार तसाच राहावा, मुसळीसकट राहावा, याखेरीज त्या वयात माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

खुणेचं काम निघालं म्हटल्यावर अण्णांच्या अंगात जे काही संचारलं ते काय सांगावं. मुलगी आपल्या वाटेवर आली असं त्यांना वाटलं. कंपनीच्या स्क्रॅपमधून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वेल्डिंगच्या कांड्यांचे उरलेले तुकडे त्यांनी रीतसर गेटपास करून आणले. स्वयंपाकघराच्या फरशीवर पोतं अंथरून ते नंबर पंच आणि हातोडी घेऊन बसले आणि तीन रविवार आमच्याकडे ठोकाठोक चालली. लेथवाल्याने येऊन विचारलं की तुम्ही पण धंदा टाकला का काय, राव. एकेक पट्टी, तिच्यावर नंबर, ती कांडीच्या टोकाला तारेने बांधलेली. आणि डोंगरावर पाऊस लागून लोखंड गंजू नये म्हणून प्रत्येक खुंटीचं डोकं त्यांनी रेड ऑक्साइडच्या लाल रंगात बुडवलं. वाळायला ठेवलेल्या त्या खुंट्यांनी आमची गच्चीची दोरी लालीलाल झाली होती. आई तिथेच कपडे काढायला जायची. एकदा तिने एक खुंटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मला म्हणाली, “हे डोंगरावर नको लावू, उजू.” मी का म्हणून विचारलं. ती खुंटी परत दोरीला अडकवून कपडे काढायला लागली. मग मीही हट्टाला पेटले. आज मला दोघींचाही राग येतो, तिचा जरा जास्त. तिला कारण माहीत होतं असंही नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिच्या आईने नको म्हटलं होतं, एवढंच तिच्याजवळ होतं.

श्रावणात, मुसळीला तुरे आलेले असताना, अण्णा आणि मी गेलो. आईच्या गुडघ्याला ओल सोसत नसे, ती आली नाही. अण्णांनी कंपनीचा युनिफॉर्म घातला होता, करडी पँट आणि करडा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. कापड दणकट म्हणून आमच्याकडचे सगळेच कामगार घरकामालाही तोच घालत, त्यात विशेष काही नव्हतं. दोन दिवस आम्ही त्या उतारावर होतो. मी झाड दाखवायचे, अण्णा खुंटी ठोकायचे, वहीत नंबर लिहायचे आणि प्रत्येक वीस खुंट्यांनंतर मागे वळून समाधानाने बघायचे. दोनशे अकरा झाडं भरली. वरून बघितलं की हिरव्या गवतात लाल ठिपके रांगेने दिसत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, फार अभिमान वाटला.

मुक्काम मामाकडे होता. मामीने जावयाला साजेसा पाहुणचार केला. पहिल्या रात्री श्रावण असूनही कोंबडी, दुसऱ्या रात्री पुरणपोळी. मामा आणि शेजारची दोन माणसं ओसरीवर अण्णांच्या समोर बसली, पावसाच्या गोष्टी झाल्या, कांद्याच्या झाल्या, चाकणच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या झाल्या. डोंगरावर काय करताय असं कुणी विचारलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही. त्यांचं मत असं की या लोकांना रेकॉर्ड म्हणजे काय ते समजावून सांगण्यात वेळ जातो. मी मामीला चुलीपाशी म्हटलं, कॉलेजचं काम आहे. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि व्हय, म्हणून वाटीत तूप ओतलं. त्या रात्री एक वाक्य जास्तीचं बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, आणि हे वाक्य आम्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. त्याचा मनस्ताप आजही गेलेला नाही.

मार्गशीर्षात ठरलेल्या दिवशी मी आणि आई गेलो. आईने नेहमीचं खुरपं पिशवीत घेतलं होतं. मामाच्या घरावरून न जाता आम्ही सहा सीटरमधून उतरून सरळ डोंगराला लागलो, कारण मला वर बायका जमायच्या आधी पोचून माझ्या खुंट्या बघायच्या होत्या. खुंट्या सगळ्या जागेवर होत्या. प्रत्येक खुंटीच्या शेजारी एक खड्डा होता. उघडा, माती बाहेर फेकलेला. मी एक, दोन, दहा, तीस खड्ड्यांमध्ये हात घालून बघितला. गड्डा नाही, बारीक बोट नाही, काही नाही. तिन्ही हिस्से. आई ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. मी मात्र पळतच खाली आले. चोर, व्यापारी, चाकणच्या बाजारातले दलाल, सगळ्यांना शिव्या घालत आले. आजच्या आज वनखात्याच्या ऑफिसात जायचं, पोलिसात जायचं, असं मनाशी म्हणत मी मामाच्या अंगणात शिरले, आणि तिथे धोतरांवर सोललेली मुसळी वाळत घातली होती. पांढरीशुभ्र. ओसरीवर मामी आणि शेजारच्या दोघीजणी सुऱ्या घेऊन अजून सोलत बसल्या होत्या.

“चोर कशाला येतील, उजे,” मामी मान वर न करता म्हणाली. “आमीच काढली.”

सगळी, असं मी विचारलं. तिन्ही हिस्से?

“मग कंपनीसाठी ठेवायची व्हती? लाल खुंट्या पडल्या, नंबर पडले. आमच्या खालच्या वावरात बी अशाच पडल्या व्हत्या. दोन पावसाळं न्हाई गेलं, तिथं पत्र्याचं कुंपण आलं. तवा शेवग्याच्या शेंगासुद्धा काढू दिल्या न्हाईत आमास्नी. आन औंदा तर पाव्हणंच कंपनीचे कपडे घालून ठोकत व्हते. आठ दिवस झालं आमी काढतोय. जानारच हाय, तर जाऊ दे की हातात घेऊन.”

अण्णा दोन दिवस तुमच्याच घरी जेवत होते, त्यांना का नाही विचारलं, असं मी ओरडलेच.

मामीने सुरी खाली ठेवली. “जावयाला? पोटासाठी करतंय ते मानूस. बायकोच्या माहेरचा डोंगर मोजायला लावला त्याला कंपनीनं, त्याच्या जिवाला काय वाटत आसंल. त्याला जेवायला वाढून त्याची मान खाली घालायची व्हय?”

म्हणजे दोन रात्री त्या माणसांनी आम्हाला लाज वाटू नये म्हणून तोंडं बंद ठेवली होती. कोंबडी केली होती, पुरण शिजवलं होतं. आणि आम्ही दोघं पोटभर जेवून, आपण केवढं काम केलं म्हणून गाढ झोपलो होतो. तेवढ्यात आई धापा टाकत अंगणात आली. तिने वाळवण पाहिलं, मला पाहिलं, आणि बाकी कुणाला बोलू न देता सांगून टाकलं. “वयनी, कंपनीच्या न्हाईत त्या. हिच्या सरांना आकडा पायजे व्हता. किती झाडं हायेत त्याचा.”

मामीने हातातला कंद खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग आमास्नी इचारायचं,” ती म्हणाली. “ओढ्याकडल्या हिश्शात त्र्याऐंशी. मधल्यात पंचाहत्तर. वरल्यात त्रेपन्न.”

मी मनात बेरीज केली. दोनशे अकरा झाले.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला लाज हा शब्द पुरत नाही. अण्णांच्या खुंट्या, तीन रविवारची ठोकाठोक, माझी वही, सरांचा अर्ज, हे सगळं जे आणणार होतं ते या ओसरीवर बसलेलं होतं आणि फुकट मिळालं असतं. मी रडले नाही, चिडलेच. तुम्ही विचारायचं होतं, असं मी त्यांना म्हणत राहिले, तू सांगायचं होतंस असं त्या मला, आणि आईला मी म्हणाले की तू नको म्हणालीस ते नीट का नाही म्हणालीस. थोडा वेळ सगळ्याजणी एकदमच बोलत होतो आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. मग मामीच उठली. न सोललेलं एक पोतं अजून माजघरात होतं, गड्ड्यांसकट. तिने ते ओसरीवर ओतलं, कोंब शाबूत असलेले गड्डे निवडले आणि शेजारणींना हाका मारल्या. दोघीतिघींनी आपला माल आधीच चाकणला विकला होता, त्या आल्याच नाहीत. बाकीच्यांसह आम्ही ऊन उतरेपर्यंत डोंगरावर होतो. खड्ड्यात गड्डा, वर माती, तळहाताने थाप. माझ्या खुंट्या उपटून टाकाव्यात असं मी म्हटलं तर मामी म्हणाली, ऱ्हाऊ देत, आता कुठं काय पुरलं ते तुला बी कळायला पायजे.

पुढच्या पावसात जेमतेम साठ झाडं उठली. आमची तोंडं उतरली, पण मी आणि त्या बायका मिळून ती मोजली, त्या तोंडी आणि मी वहीत. डोंगर पाच वर्षं बंद ठेवायचा असं ठरलं, आणि त्यांनी तो खरोखर ठेवला. गुरं त्या बाजूला सोडली नाहीत, भाजीसाठी पानसुद्धा कापलं नाही. दर श्रावणात मी जायचे, बी पडून नवीन आलेल्या झाडांपाशी अण्णांनी ठोकून दिलेल्या नवीन खुंट्या लावायचे. मला भीती होती की गावातल्या कुणाला तरी परत तसाच संशय येईल, म्हणून मी घरोघर जाऊन सांगितलं, ओसरीवर बसून समजावलं, एकदाचं तोंड उघडून सांगितलं. डोंगरावर लाल खुंटी दिसली की घाबरू नका, ती माझी. तिला हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका. फार शहाणपणा केला असं मला तेव्हा वाटलं होतं. वनखात्याला केलेल्या अर्जाचं उत्तर मात्र कधीच आलं नाही. दोनदा आठवण पाठवली, मग सरांचीच बदली झाली.

मग मला चाकणच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली. तेलाचे नमुने, रंगाचे नमुने, सहा दिवस शिफ्ट, सातव्या दिवशी ओव्हरटाइम. लग्न झालं, मुलगी झाली. तिच्या वेळी लाडवांत जी मुसळी होती ती आईच्या डब्याच्या तळाची. एक श्रावण चुकला, मग दुसरा चुकला, तिसऱ्याला मी जाणारच होते. कंपनीच्या बसमधून रोज त्या डोंगराची मागची बाजू दिसायची आणि मी खिडकीतून बघून ठरवायचे, या महिन्यात नक्की. बसमधून लांबून बघण्यात किती वर्षं जातात याचा माणसाला पत्ता लागत नाही. अलीकडे देहूरोडच्या बाजूने जाताना लष्कराच्या तारेपलीकडचे डोंगर दिसतात, गच्च झाडीचे. जिथे आम्हाला जाऊ देत नाहीत तेवढंच काय ते उरलं, असं मनात येतं आणि मी मान दुसरीकडे वळवते.

त्या तिसऱ्या वर्षीच एका सकाळी मी काळेवाडीला आईकडे आले होते. दार वाजलं आणि दारात मामी. ती आमच्या घरी कधी आली नव्हती. एवढ्या गाड्या तिने एकटीने कशा बदलल्या देव जाणे. पदराने तोंड पुसून ती पाणी प्यायली, पण बसली नाही. चपलाही काढल्या नाहीत. आई चहा ठेवायला वळली तर तिने हाताने थांबवलं. डोंगरावर मशीन आलंय, ती म्हणाली. पिवळं, मोठं. पायथ्यापासून माती ओढत वर चाललंय. खुंट्या तर दिवाळीपासून होत्या. पंचायतीच्या फळ्यावर कागदही लागला होता, पण तुझंच काम असणार म्हणून तो कुणी वाचायला गेलं नाही. गेल्या पावसात दोनशेच्या वर झाडं भरली होती, आम्हीच मोजली. पोरांनी खुंट्या उपटू नयेत म्हणून आळीपाळीने राखण ठेवली. आणि आता तो मशीनवाला ऐकत नाही.

“तू चल,” मामी म्हणाली. “तू येऊन सांग त्याला, ही मोजनी आमच्या पोरीची हाय म्हनून. तुझं ऐकंल.”

मी मामीचा हात धरला आणि सांगितलं की मी तीन वर्षांत डोंगरावर आलेले नाही. त्या खुंट्या माझ्या नाहीत.

मामीला ते कळलंच नाही. ती माझ्याकडे बघून थोडी हसलीसुद्धा.

“तुझ्या न्हाईत कशा?” ती म्हणाली. “लाल हायेत की.”